म्हाताऱ्या कुत्र्याचा हिशेब

शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील भटकी कुत्री उचलावीत, त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करावे, त्यांना निवारागृहात ठेवावे आणि पुन्हा त्या जागी सोडू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला. त्यावर जी चर्चा झाली ती बहुतांशी दिल्ली-मुंबईच्या अंगाने झाली. परंतु वाशिमसारख्या जिल्ह्याला हा प्रश्न अधिक अवघड आहे. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा या सहाही ठिकाणी बसस्थानक आहे, सरकारी रुग्णालय आहे; शाळांची तर गणतीच नको. नगरपरिषदांचे उत्पन्न मात्र बेताचे. निवारागृह कोठे बांधावे, पैसा कोणी द्यावा, यावर वाद होतील आणि ते व्हावेतही. त्या वादात एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. निवारागृहात शिरलेले कुत्रे बाहेर कोणत्या वाटेने पडणार?

वाटा दोनच आहेत. एक मरणाची आणि दुसरी कोणाच्या तरी घराची. याच प्रकरणात २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात न्यायालयाने दिल्ली परिसराच्या संदर्भात सांगितले होते की, प्राणिप्रेमी नागरिक स्थानिक संस्थेकडे अर्ज करून भटके कुत्रे दत्तक घेऊ शकतील. मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्यावर राहील. प्रकरणाची व्याप्ती त्याच आदेशाने सर्व राज्यांपर्यंत वाढविण्यात आली. तेव्हा वाशिमच्या एखाद्या शिक्षकाने वा कारकुनाने उद्या असा अर्ज करावयाचे ठरविले, तर त्यात काही जगावेगळे असणार नाही. फक्त अर्जदाराला पिलू हवे असेल. दहा वर्षांचा, तोंडावर पांढरा झालेला, उठताना मागचा पाय किंचित ओढणारा कुत्रा हवा म्हणून अर्ज करणारा विरळा. निवारागृहाचे यशापयश या विरळ्या अर्जदारावर ठरते, असे म्हटले तर अतिशयोक्ती वाटेल. पण हिशेब तसाच आहे.

समजा, एका निवारागृहात साठ जागा आहेत. तेथे आलेले कुत्रे सरासरी तीन महिन्यांत घरी जात असेल, तर एका जागेचा वर्षात चार वेळा उपयोग होतो आणि साठ जागांत २४० कुत्र्यांची सोय लागते. आता त्या साठांपैकी पंचेचाळीस जागांवर कोणीही नेणार नाही अशी म्हातारी कुत्री बसून आहेत असे धरा. उरल्या पंधरा जागा, आणि त्यांत वर्षाकाठी साठ कुत्री. इमारत तीच, नोकर तेच, खर्चही जवळजवळ तोच. काम मात्र चौथाई. निवारागृहाची क्षमता जागांच्या संख्येवर नव्हे तर मुक्कामाच्या लांबीवर मोजावयाची असते, ही गोष्ट रुग्णालयांच्या व्यवस्थापकांना ठाऊक असते. नगरपरिषदांच्या अंदाजपत्रकांत ती आढळत नाही. अमेरिकेतील अनेक निवारागृहांत जागा संपली की न नेलेली जनावरे मारून टाकण्याची प्रथा आहे. आपल्याकडे २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार केवळ जागा नाही म्हणून निरोगी कुत्र्याला मारता येत नाही. हे योग्यच आहे. पण मग बाहेर पडण्याची दुसरी वाट रुंद करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे १ कोटी ५३ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे १२ लाख ७६ हजार नोंदली गेली होती. एवढ्यांना जन्मभर पोसणारी कोठारे कोणतेही सरकार बांधू शकणार नाही.

पिलू नेणाराही जागा मोकळी करतोच, असा आक्षेप येईल. करतो, यात शंका नाही. परंतु ते पिलू त्याने नेले नसते तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कोणी नेले असते. पिलू कोणाच्या घरी जाईल एवढेच त्याच्या निर्णयाने बदलते. म्हातारा कुत्रा नेणाऱ्याच्या निर्णयाने मात्र तो कुत्रा घरी जाईल की नाही, हेच बदलते. अर्थशास्त्रात ज्याला सीमान्त परिणाम म्हणतात तो दुसऱ्या ठिकाणी कितीतरी मोठा आहे. अर्थात पिले कोणीच नेली नाहीत, तर तीही तेथेच म्हातारी होतील. तेव्हा पिलू नेणाऱ्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पांजरापोळीचा धडा

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईच्या पोलिसांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालविली, तेव्हा फोर्टातील पारशी समाज खवळून उठला. दुकाने बंद झाली, दंगल झाली, लष्कर बोलवावे लागले. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. शहरातील जैन व हिंदू व्यापाऱ्यांनाही ही हत्या सहन होणारी नव्हती. त्या दंगलीनंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्यासारख्या धनिकांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वेच्छेने धर्मादाय लावून घेतला. कापसाच्या पैशावर म्हातारी, लुळीपांगळी जनावरे पोसली गेली. कारंज्याच्या कापूस बाजाराची परंपरा सांगणाऱ्या जिल्ह्याला यात अपरिचित असे काही वाटू नये.

मात्र पांजरापोळीची कल्पना साठवणुकीची होती. जनावर आत येई आणि तेथेच त्याचा शेवट होई. गाय-बैलाच्या बाबतीत हे चालण्याजोगे आहे. कळपात राहून, वेळेवर चारापाणी मिळाले तर त्याला माणसाची ओढ लागत नाही. कुत्र्याचे तसे नाही. हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्यावर आणि माणसाच्या आवाजावर वाढलेला हा प्राणी चाळीस कुत्र्यांच्या गोंगाटात, लोखंडी जाळीआड, सिमेंटच्या फरशीवर खंगत जातो. तरुण कुत्रा भुंकून, धावून दिवस काढतो. म्हातारा कोपरा धरतो. मुंबईत भुलेश्वरच्या पांजरापोळीचे नाव आज प्रामुख्याने गायींशीच जोडले जाते, हा निव्वळ योगायोग नसावा.

(कारंजा हे नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. वऱ्हाडातील घरोघरच्या दत्ताच्या तसबिरीत चार श्वान असतात आणि ते चार वेद होत, असे सांगितले जाते. पायरीवर येऊन बसलेल्या पाचव्याची गणना मात्र कोणत्याच शास्त्रात होत नाही.)

बैलबाजार आणि दातांची परीक्षा

म्हातारे कुत्रे लोक का नेत नाहीत? ते लवकर मरेल म्हणून, हे उत्तर सर्वजण देतात. खरे कारण त्याहून थोडे खोल आहे. बैलबाजारात गेलेला शेतकरी आधी बैलाचे तोंड उघडून दात पाहतो. दोनदाती, चारदाती, जुळलेला यांवरून तो वय ठरवितो आणि मग मनाशी विचारतो, एवढा चांगला बैल हा माणूस विकतो कशाला? काहीतरी खोड असलीच पाहिजे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेल्या निबंधात हाच संशय शास्त्रशुद्ध रीतीने मांडला आणि पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. विकणाऱ्याला मालाचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सगळ्याच जुन्या मालाकडे संशयाने पाहतो आणि चांगला जुना मालही पडून राहतो. निवारागृहातील म्हाताऱ्या कुत्र्याची हीच गत आहे. कोणीतरी याला टाकले, तेव्हा हा चावरा असेल, रोगी असेल, खोडकर असेल, असे गृहीत धरले जाते.

प्रत्यक्षात टाकण्याची कारणे बहुधा माणसांकडची असतात. पाळणारा वारला, मुलांनी आईला पुण्याला नेले, घरमालकाने हरकत घेतली, बदली झाली. हौसेने आणलेल्या लॅब्राडोरची वा जर्मन शेफर्डची हौस फिटली. जो जन्मापासून रस्त्यावरच होता त्याच्या बाबतीत तर हा संशय अगदीच उलटा आहे. पश्चिम बंगालमध्ये भटक्या कुत्र्यांच्या पिलांची पाहणी झाली, तीत शंभरांतील सुमारे एकोणीसच पिले सात महिन्यांची होईतो जगल्याचे आढळले. उरलेल्यांच्या मृत्यूंपैकी बरेचसे माणसांमुळे झालेले होते. तेव्हा बसस्थानकाच्या आवारात आठ-दहा वर्षे काढलेला कुत्रा हा पाचातून एक उरलेला असतो. एस. टी. मागे कधी येते, कोणता माणूस दगड उचलतो आणि कोणाच्या डब्यात भाकरी असते, याचे पक्के ज्ञान असल्यावाचून तो इतका जगलाच नसता. माणसाशी कसे वागावे हे त्याला शिकविण्याची गरज क्वचितच पडते.

शिवाय मोटारीच्या बाजारातील अडचण येथे नाही. कुत्र्याला आपले दोष लपविता येत नाहीत आणि त्याला रोज खायला घालणाऱ्या नोकराला ते लपविण्यात स्वारस्य नसते. पिलाचा स्वभाव ही सोडत आहे. ते केवढे होईल, किती भुंकेल, लहान मुलांना सहन करील की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही. म्हाताऱ्याचे सगळे उघडे असते. फक्त कोणीतरी ते कागदावर लिहून ठेवले पाहिजे. निवारागृहाच्या नोंदवहीत प्रत्येक कुत्र्यापुढे अंदाजे वय, दातांची स्थिती, तो कोठून उचलला, अनोळखी माणसाला, मुलाला व दुसऱ्या कुत्र्याला कसा सामोरा जातो, एवढ्या चार ओळी असल्या, तर निम्मा संशय फिटेल. यास पैसा लागत नाही. वही लागते आणि ती लिहिणारा माणूस लागतो.

घराचा हिशेब

आता घेणाऱ्याच्या बाजूने पाहू. सत्तावन्न वर्षांचा कारकून पुढल्या वर्षी निवृत्त होणार आहे. त्याने आज पिलू आणले आणि ते तेरा वर्षे जगले, तर त्या कुत्र्याच्या अखेरच्या दिवसांत हा गृहस्थ सत्तर वर्षांचा असेल. कुत्र्याला उचलून रिक्षात घालण्याचे बळ त्याच्या अंगी असेल की नाही, हे कोणी सांगावे? जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला दर काही वर्षांनी बदलीला सामोरे जावे लागते. बारा-तेरा वर्षांचे वचन देणे त्याला कठीण आहे. दहा वर्षांच्या मध्यम आकाराच्या कुत्र्याला घरी आणले, तर बहुधा तीन-चार वर्षांचा प्रश्न असतो. (आकार येथे महत्त्वाचा. मोठ्या जातीचा कुत्रा सात-आठ वर्षांतच म्हातारा होतो, लहान अंगाचा दहानंतर.) ज्यांच्या आयुष्याची आखणी बदली आणि निवृत्ती यांनी ठरते, त्या पगारदार वर्गाला पिलापेक्षा म्हातारा कुत्राच अधिक परवडणारा आहे, हा निष्कर्ष चमत्कारिक वाटला तरी चुकीचा नाही.

पैशाचेही तसेच. उदाहरणादाखल समजा, पिलापासून वाढविलेल्या कुत्र्यावर अन्न व औषध मिळून सरासरी महिना २,००० रुपये खर्च होतो. बारा वर्षांचे २,८८,००० झाले. म्हाताऱ्याला औषध अधिक लागते म्हणून दीडपट, म्हणजे ३,००० रुपये धरले, तरी तीन वर्षांचे १,०८,००० होतात. मात्र येथे एक फसगत संभवते. पिलाचा खर्च वर्षानुवर्षे पसरलेला असतो. म्हाताऱ्याचा एखाद्या महिन्यात एकदम अंगावर येतो. दात काढावे लागतात, गाठ निघते, मूत्रपिंडे थकतात. ज्या घरात महिनाअखेर हात आखडतो त्या घराने दरमहा थोडी रक्कम टपाल खात्याच्या आवर्ती ठेवीत टाकून ठेवण्याची तयारी असल्याखेरीज हा विचार करू नये.

पण बहुतेकांना अडविते ते पैशाचे कारण नव्हे. जीव लावायचा आणि दोन-तीन वर्षांत रडत बसायचे, हे कोणी सांगितले आहे, असे बायकामाणसे विचारतात, आणि पुरुष मनात तेच म्हणतात. या आक्षेपाला तात्त्विक उत्तर देऊन उपयोग नाही, कारण तो खोटा नाही. दुःख होते. ज्या घरात नुकताच एखादा मृत्यू झाला आहे, किंवा ज्या घरात आधीच एका अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा चालू आहे, तेथे हा भार नव्याने घालू नये. स्पर्धा परीक्षेसाठी खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यानेही कनवाळूपणाच्या भरात म्हातारा कुत्रा आणू नये; परीक्षा संपली की खोली सुटते आणि कुत्रा दुसऱ्यांदा रस्त्यावर येतो. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार सबळ कारणाविना जनावराला उपाशी मरण्याच्या स्थितीत सोडून देणे हा गुन्हा आहे, ही गोष्ट अर्जाच्या कागदावर ठळक छापावी.

ज्यांची तयारी आहे त्यांनी आधी पशुवैद्याला दाखवावे. म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांत निळसर झाक दिसली की लोक मोतीबिंदू समजतात. बहुधा तो वयाने आलेला भिंगाचा बदल असतो आणि दिसण्यात त्याने फारसा फरक पडत नाही. तोंडाची दुर्गंधी मात्र दुर्लक्षिण्यासारखी नसते. गोचिडांमुळे होणाऱ्या तापासाठी रक्त तपासून घ्यावे. तालुक्याच्या दवाखान्यात न होणाऱ्या तपासण्यांसाठी अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था फार दूर नाही. रेबीजची लस दिल्याचा दाखला हाती आल्यावाचून कुत्रे उंबऱ्याच्या आत घेऊ नये, आणि दर वर्षी तो नवा करून घ्यावा. भटक्या कुत्र्याचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो व रेबीजची लक्षणे दिसण्यास कधी कधी महिने लागतात. म्हणून घरात मुले असल्यास त्यांना आधीच लस द्यावी काय, हे डॉक्टरांना विचारणे शहाणपणाचे. ओरखडा किंवा चावा बसलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जावे. हळद, मिरची, चुना यांपैकी काहीही लावू नये. कुत्र्यांना भिणाऱ्या आईबापांची थट्टा करण्याची जी प्रथा प्राणिप्रेमी मंडळींत पडली आहे ती निंद्य आहे. हा रोग एकदा प्रकट झाला की जवळजवळ कोणी वाचत नाही.

बाकी गरजा साध्या आहेत. शहाबादी फरशीवर सांधे दुखणाऱ्या कुत्र्याचे पाय घसरतात. जुनी गोधडी किंवा तरट अंथरले की तो उठू-बसू लागतो. वऱ्हाडचा मे महिना त्याला बाधतो, तेव्हा सावली आणि ओले बारदान हवे. कांदा घातलेली भाजी देऊ नये. दुखते म्हणून घरातील पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी मुळीच देऊ नये. माणसाला चालणारी ही औषधे त्याला विष ठरू शकतात. पहिले काही दिवस तो जेवत नाही, दाराकडे तोंड करून बसतो. त्याला तसे बसू द्यावे.

खर्चाच्या भीतीवर परदेशात एक तोड निघाली आहे. सॅन फ्रान्सिस्कोत २००७ साली सुरू झालेली मटव्हिल नावाची संस्था केवळ सात वर्षांवरील कुत्र्यांचे काम करते. त्यांतील जे असाध्य आजारी असतात त्यांना ती घरे मिळवून देते, पण वैद्यकीय खर्च स्वतःकडे ठेवते. घराने जागा आणि माया द्यावी, संस्थेने औषध द्यावे, अशी ही वाटणी. वाशिमच्या नगरपरिषदेला हे सहज करता येण्यासारखे आहे. जो कुत्रा निवारागृहात राहिला असता तर नगरपरिषदेलाच त्याचे अन्न, जागा, नोकर आणि औषध असे चारही खर्च पडले असते, त्याच्या केवळ औषधाचा खर्च उचलून बाकीचे तीन वाचत असतील, तर लेखापरीक्षकालाही हरकत घेण्याचे कारण उरू नये. २००१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था असावयास हवी. या खर्चाची देखरेख तिच्याकडे सोपविता येईल.

शेवटी एक गोष्ट, जी कुत्रा आणण्यापूर्वीच घरात बोलून ठेवावी लागते. असाध्य दुखण्याने तळमळणाऱ्या जनावराला पशुवैद्याच्या हातून वेदनारहित मरण देता येते. तो निर्णय घरातील कोणी घ्यावयाचा आणि त्या वेळी जवळ कोणी बसावयाचे, हे ऐनवेळी ठरविता येत नाही. त्यानंतरची सोयही पाहून ठेवलेली बरी. शहरात ज्याला स्वतःची जागा नाही त्याने नगरपरिषदेच्या आरोग्य विभागाकडे आधीच चौकशी करावी. ज्याचे गावी शेत आहे त्याचा प्रश्न धुऱ्यावरच्या एखाद्या बाभळीखाली सुटतो.